टीसी काढण्याआधी

जून २०१३ मध्ये मी यवतमाळच्या माझ्या कॉलेजातून टीसी काढली. खिडकीतल्या बाबूंनी दोनदा विचारलं, "पोरी, तिकडची अॅडमिशन पक्की झाली ना?" मी दोन्ही वेळा हो म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं. पर्समध्ये नव्या कॉलेजची पैसे भरल्याची पावती होती. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत 'तात्पुरता प्रवेश, पात्रतेच्या अधीन' असं छापलेलं होतं. ते मी वाचलंही होतं. त्याचा अर्थ मात्र पुढच्या जानेवारीत कळला, परीक्षेचा फॉर्म अडला तेव्हा.

मी आर्णी तालुक्यातली. घरी कापूस आणि तूर. आर्णी ते यवतमाळ साधारण चाळीस किलोमीटर. शनिवारी एसटीने घरी, सोमवारी सकाळी परत, असं माझं बी.एस्सी.चं पहिलं वर्ष गेलं. विषय रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र. गुण चांगले होते. वर्गातल्या एका मैत्रिणीची मोठी बहीण पुण्याला होती, ती दिवाळीत आली की तिथल्या लायब्ररीचं, क्लासेसचं, कंपन्यांचं सांगायची. ते ऐकून ऐकून माझ्या मनाने घेतलं की दुसरं वर्ष पुण्याला करायचं. कुठल्या कॉलेजात, कुठल्या तुकडीत, कुठल्या विषयांसह, हे प्रश्न तेव्हा डोक्यातच आले नाहीत. मी शहर निवडलं होतं. कॉलेज निवडलंच नव्हतं.

मोठ्या मामांना विचारलं, तर ते म्हणाले, "त्यात काय हाय? टीसी घ्याची अन् जाचं." त्यांचं चुकलं नव्हतं. ते शिकत होते तेव्हा यवतमाळची कॉलेजं नागपूर विद्यापीठात होती. अमरावती विद्यापीठ १९८३ मध्ये झालं. मामा त्याच्या आधी यवतमाळहून नागपूरला गेले, ते एकाच विद्यापीठातल्या एका कॉलेजातून दुसऱ्यात. अभ्यासक्रम तोच, परीक्षा तीच. मी निघाले होते ती एका विद्यापीठातून दुसऱ्यात. घरातल्या मोठ्यांचा सल्ला घ्यावाच, पण त्यांच्या वेळी व्यवस्था कशी होती हेही विचारावं.

बाबा फारसे शिकलेले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "बाई, तिकडच्या साहेबाकडून लिहून घे. कापूस इकतो तवाबी आपून काट्याची चिठ्ठी घेतो." मला ते जुन्या माणसाचं बोलणं वाटलं. आज कॉलेज बदलण्याबद्दल विचारायला माझ्याकडे विद्यार्थी येतात तेव्हा मी पहिल्यांदा हेच विचारते: लिहून काय मिळालंय?

अडलं कुठे ते सविस्तर सांगते, कारण असंच बहुतेकांचं अडतं. तेव्हा आमच्या अमरावती विद्यापीठात बी.एस्सी.ला तीन विषय असत आणि तेच तीन शेवटच्या वर्षापर्यंत चालत. पुणे विद्यापीठाची रचना वेगळी होती. तिथे एफ.वाय.ला चार विषय, एस.वाय.ला तीन आणि टी.वाय.ला एकच, स्पेशल. म्हणजे मी दुसऱ्या वर्षात जाऊन बसले ती तीन विषयांच्या शिदोरीवर, आणि माझ्या बाजूला बसलेल्या मुलींनी पहिल्या वर्षी चार केलेले. कॉलेजच्या ऑफिसात जूनमध्ये मला सांगितलं गेलं, "होऊन जाईल, एलिजिबिलिटीचं नंतर बघू." जानेवारीच्या शेवटी त्याच टेबलावर सांगितलं गेलं की चौथा विषय नसल्याने पात्रता आलेली नाही, परीक्षेचा फॉर्म घेता येणार नाही, पहिल्या वर्षाचा तो विषय आधी द्यावा लागेल. मधल्या सात महिन्यांत मी सगळी प्रॅक्टिकल्स केली होती. जर्नल पूर्ण होतं. प्रत्येक पानावर मॅडमची सही होती.

मला त्या कॉलेजला नावं ठेवायची नाहीत, म्हणून नाव लिहीत नाही. पण एक गोष्ट कळकळीने सांगते. प्रवेशाच्या दिवसांत ऑफिसमधला माणूस 'होऊन जाईल' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत असतो असं नाही. पात्रता ठरवणं त्याच्या हातातच नसतं. ती विद्यापीठ ठरवतं, आणि विद्यापीठाकडे तुमचा कागद त्याच्यामार्फत जायला कधी महिना लागतो, कधी चार. तोवर तुमचं नाव जुन्या कॉलेजातून कमी झालेलं असतं. टीसी म्हणजे नाव कमी झाल्याचा दाखला, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

दुसरी चूक नकाशाची. मी 'पुणे विद्यापीठाचं कॉलेज' एवढंच बघितलं होतं. पण त्या विद्यापीठाखाली पुण्यासोबत नाशिक आणि अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, हे अख्खे जिल्हे येतात. माझं कॉलेज पुणे शहरापासून बसने अडीच तासांवर एका तालुक्याच्या गावी निघालं. ज्या लायब्ररीसाठी, ज्या क्लासेससाठी आर्णी सोडली, ती तिथून रोज जाण्यासारखी नव्हतीच. मी एका बाईंकडे कॉट बेसिसवर राहिले. एका खोलीत पाच कॉट, भिंतीला लागून पाच पत्र्याच्या पेट्या. रात्री दहानंतर दिवा बंद, म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारात बसून वाचायची. माणसं चांगली होती. माझं बोलणं ऐकून सुरुवातीला हसायची, मग मलाच 'मले-तुले' बोलून दाखवायची. पण असं राहायचं तर मला यवतमाळलाही राहता आलं असतं, आणि दर शनिवारी घर मिळालं असतं.

तिसरी गोष्ट पैशाची. एकाच कॉलेजात अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन तुकड्या असू शकतात. इमारत तीच, प्राध्यापक बरेचदा तेच, फी वेगळी. बाहेरून दुसऱ्या वर्षाला येणाऱ्याला जी जागा रिकामी असेल ती मिळते, आणि माझ्या बाबतीत ती विनाअनुदानित तुकडीत होती. बाबांनी त्या वर्षी तूर लवकर विकली. भाव पुढे चढला की उतरला हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

आता नियम आणि नावं बदलली आहेत, पण अडचणीची जागा तीच आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांतही श्रेयांकांवर आधारित अभ्यासक्रम आले. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह अशी रचना झाली. युजीसीच्या २०२१ च्या नियमांनी अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली, आणि मिळवलेले श्रेयांक तिथे सात वर्षांपर्यंत जमा राहू शकतात. मुलं मला म्हणतात, "मॅडम, आता क्रेडिट ट्रान्सफर होतात, काही प्रॉब्लेम नाही." श्रेयांक खात्यात जमा असणं वेगळं, आणि समोरच्या विद्यापीठाने ते तुमच्या त्या वर्षाच्या, त्या पेपरच्या बदल्यात मान्य करणं वेगळं. पेपरचं नाव सारखं असलं तरी आतली युनिट्स वेगळी असतात, एकाकडे जो पेपर दुसऱ्या सत्रात तो दुसऱ्याकडे चौथ्यात असतो. शिवाय मुळात जागा रिकामी हवी.

म्हणून माझ्याकडे कोणी आलं की आम्ही आधी दोन्ही विद्यापीठांचे अभ्यासक्रम छापून घेतो. दोन्ही वेबसाइटवर मिळतात. दोन्ही कागद शेजारी ठेवायचे, पेन्सिल घ्यायची आणि झालेला एकेक पेपर जुळवायचा. गेल्या वर्षी उमरखेडचा एक मुलगा आला होता. तो यवतमाळला शिकत होता आणि त्यालाही पुण्याचंच वेड होतं. घरी आई एकटी, तिची तब्येत बरी नसते. मी त्याला विचारलं, नांदेड का नाही? उमरखेडहून नांदेड अमरावतीच्या निम्म्याहूनही जवळ आहे. पण पैनगंगा ओलांडली की मराठवाडा लागतो, विद्यापीठ बदलतं, आणि म्हणून आपल्या पोरांच्या मनात नांदेड हा पर्यायच येत नाही. वणीच्या मुलांचं तसंच. चंद्रपूर तासा-दीड तासावर, पण तिथली कॉलेजं २०११ पासून गोंडवाना विद्यापीठात. आपला यवतमाळ जिल्हाच असा कडेला पसरलेला आहे की 'दुसरा प्रदेश' कधी कधी आपल्या शेताच्या पलीकडे सुरू होतो. जायचंच असेल तर आधी तिथे बघावं, असं माझं मत झालंय. त्या मुलाचे दोन पेपर नांदेडशी जुळले नाहीत, पुण्याशी चार. तो नांदेडला गेला.

जाण्याआधी त्याने नांदेडच्या कॉलेजला एक पत्र पाठवलं होतं, त्याचा मजकूर आम्ही मिळून लिहिला. सोबत गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाची प्रत जोडली आणि विचारलं की या वर्गात या प्रवर्गाची जागा रिकामी आहे का, ती अनुदानित तुकडीत आहे का, वर्षाची एकूण फी किती, माझे कुठले पेपर धरले जाणार नाहीत आणि ते केव्हा द्यावे लागतील, आणि पात्रतेचं उत्तर कोणत्या तारखेपर्यंत मिळेल. प्राचार्यांच्या सहीने उत्तर यायला सोळा दिवस लागले. तो अस्वस्थ झाला होता, मीच त्याला थांबवून धरलं. हीच काट्याची चिठ्ठी.

मायग्रेशन सर्टिफिकेटसाठी अमरावतीला जावं लागलं तर ते शेवटी करा. मी नेरमार्गे एसटीने जाऊन, चलन भरून, आधीच काढून आणलं होतं आणि फार मोठं काम उरकलं असं वाटलं होतं. परत आले तेव्हा तो कागदही उलटाच पडला.

शिष्यवृत्तीचंही आधी विचारा. महाडीबीटीवर तुमचा अर्ज जुन्या कॉलेजशी जोडलेला असतो. कॉलेज बदलल्यावर नूतनीकरण करायचं की नवा अर्ज, हे दोन्ही कॉलेजांच्या शिष्यवृत्ती लिपिकांना प्रत्यक्ष विचारावं. आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात राहणाऱ्या आपल्या कोलाम, गोंड, आंध मुलामुलींनी तर पांढरकवडा किंवा पुसदच्या प्रकल्प कार्यालयात जाऊन, नव्या गावी काय मिळेल हे कळल्याशिवाय इथली खोली सोडू नये. मुलींसाठी आणखी एक. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं, पण ही सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या प्रवेशाला आहे. तुमची बदलीची जागा त्यात बसते का, हे लेखी घ्या.

इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांच्या पालकांना मी दहावीनंतरच सांगते. अकरावी-बारावीसाठी मुलाला लातूरला किंवा पुण्याला पाठवायचं ठरवलं असेल, तर बारावी जिथून होईल त्यावरून त्याचं गृह विद्यापीठ ठरतं, आणि अनेक कॉलेजांत सत्तर टक्के जागा गृह विद्यापीठाच्या मुलांना असतात. कोणाला याचा फायदा होतो, कोणाला तोटा. पण दोन वर्षांनी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. मेडिकलचं प्रादेशिक ७०:३० सूत्र २०२० मध्ये रद्द झालं, तरी अजून घराघरांत तेच धरून हिशेब मांडतात.

आणि कोणी टीसी काढून बसलंच असेल तर? लाज धरू नका. मी फेब्रुवारीत घरी आले आणि जूनपर्यंत यवतमाळला पाऊल टाकलं नाही. मैत्रिणी दिसतील, सर विचारतील, या भीतीने. २०१४ मध्ये त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला परत नाव घातलं आणि २०१६ मध्ये, एक वर्ष उशिरा, पदवी घेतली. पण मला पहिली शंका आली होती ती ऑगस्ट २०१३ मध्ये. वर्गातल्या एका मुलीने सहज विचारलं होतं, "तुझा फोर्थ सब्जेक्ट कुठला होता गं?" त्या रात्री झोप लागली नव्हती. सकाळी उठून ऑफिसात लेखी अर्ज द्यायचा, उत्तर नाहीच आलं तर पहिल्या गाडीने परत यायचं आणि जुन्या प्राचार्यांना पुनर्प्रवेशाचा अर्ज करायचा, एवढंच करायला हवं होतं. मी पुस्तकं उघडून बसले. परत नाव घालायला गेले त्या दिवशी खिडकीतल्या बाबूंनी रजिस्टर उघडून दाखवलं. माझ्या जुन्या वर्गातल्या दोन जागा सप्टेंबरपर्यंत रिकाम्या होत्या.