धाकट्याची तारीख

आपल्या मराठी विभागात दरवर्षी एखादी ट्रेक नाहीतर व्यक्तिमत्त्व विकास असतोच. यावेळी विषय जरा जड आहे. घरातल्या शाळकरी भावाने किंवा बहिणीने इंटरनेटवर कुणाशी भांडताना नको ते लिहिलं, समोरच्याने पोलिसात तक्रार केली, तर मोठ्या भावंडाने काय करायचं? लांबचं वाटतं ना? पण घरात मोबाइलमधलं कळणारे म्हणजे आपण, त्यामुळे आईबाबांचा पहिला फोन हॉस्टेललाच येणार. शिवाय फर्स्ट इयरला येणारे बरेच जण स्वतःच सतराचे असतात. एकाच रूममधल्या दोघांनी एकच मेसेज टाकला, तर एकाची केस बाल न्याय मंडळापुढे आणि दुसऱ्याची नेहमीच्या कोर्टात, असंही होऊ शकतं.

आधी थोडा इतिहास. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्या फक्त लाइक केल्या. दोघींना अटक झाली आणि एकीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. पुढे २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं. तेव्हापासून ‘आता लिहिण्यावर केस होत नाही’ असं मेसमध्ये छातीठोकपणे सांगणारे भेटतात. साफ चूक. बदनामी, धमकी, दोन समाजांत तेढ, बाईमाणसाचा अपमान हे सगळे गुन्हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आहेत, आणि ते कागदावर केले काय आणि मोबाइलवर केले काय, सारखेच.

मे २०२५ मध्ये पुण्यातल्या एका १९ वर्षांच्या इंजिनीअरिंगच्या विद्यार्थिनीला भारत-पाकिस्तान संघर्षावरची पोस्ट पुढे टाकल्याबद्दल अटक झाली. तिने पोस्ट लगेच काढून माफीही मागितली होती. तरी कॉलेजने नाव काढून टाकलं आणि ऐन परीक्षेच्या दिवसांत ती येरवड्याच्या जेलमध्ये. २७ मे ला मुंबई हायकोर्टाने तिला जामीन दिला, कॉलेजच्या आदेशाला स्थगिती दिली आणि परीक्षेला बसता यावं म्हणून त्याच दिवशी सोडायला सांगितलं. पोस्ट बरोबर की चूक यावर आपल्या कट्ट्यावर दोन रात्री वाद झाला. मला मात्र त्यातली परीक्षेची गोष्ट मोठी वाटते. केस चालते वर्षानुवर्षं, पेपर असतो त्या दिवशीच.

ती १९ ची होती. अठराच्या आतल्याला वेगळा कायदा आहे, बाल न्याय कायदा २०१५. त्यात अशा मुलाला ‘आरोपी’ म्हणत नाहीत, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. (आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना हा शब्द तीनदा वाचावा लागतो, पण निदान गुन्हेगार तरी म्हटलेलं नाही.) वय मोजायचं ते मेसेज टाकल्याच्या दिवशीचं, केस उभी राहते त्या दिवशीचं नाही. म्हणून शाळेचा किंवा दहावीचा जन्मतारखेचा दाखला पहिल्या फेरीलाच बरोबर हवा.

या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. पोलिसांनी साध्या कपड्यात बोलायचं, पालकांना लगेच कळवायचं आणि ताब्यात घेतलंच तर २४ तासांत मंडळापुढे न्यायचं. किरकोळ आणि मध्यम प्रकारच्या गुन्ह्यात, बरोबर कोणी सज्ञान नसेल तर, नियमाप्रमाणे एफआयआरसुद्धा नोंदवायची नसते. स्टेशन डायरीत नोंद आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल, एवढंच. जामीन हा इथे नियम आहे आणि नाकारणं अपवाद. मंडळात एक मॅजिस्ट्रेट आणि दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्यातली एक महिला असावीच लागते. उंच मंच नाही, पिंजरा नाही. किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर आणखी दोन महिने, नाहीतर ती बंद होते. दोष आढळला तरी बहुधा समज, समुपदेशन, थोडी समाजसेवा, आणि पुढे नोकरीला किंवा पासपोर्टला या निकालामुळे अपात्र ठरवता येत नाही. हे वाक्य बाबांना फोनवर सावकाश, दोनदा सांगा. त्यांच्या डोळ्यांपुढे मुलाचं सगळं करिअर बुडालेलं असतं आणि त्या भीतीनेच पहिली थप्पड बसते.

पहिले दोन दिवस घरात काय होतं? बाबा ओरडतात, आई रडते, काका म्हणतात मोबाइल फोडून टाक. फोडायचा नाही! चॅट उडवायचं नाही, अकाउंट बंद करायचं नाही. पुरावा म्हणून मागितली जाऊ शकेल अशी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. पोस्ट लोकांना दिसू नये असं वाटत असेल तर आधी वकिलाला विचारा. उलट अख्खं संभाषण जपा, फक्त आपल्या सोयीचा तुकडा नको. समोरच्याने आधी काय लिहिलं होतं हेही त्यातच असतं. कॉम्प्युटरवाल्यांसाठी एक गंमत: नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. व्हायवाला रटलेलं ‘एसएचए-२५६’ कोर्टात भेटतं.

दुसरी घाई म्हणजे समोरच्याच्या घरी जाऊन पाय धरणं. हेतू चांगला असला तरी दबाव आणला असा अर्थ निघू शकतो. बदनामीसारख्या गुन्ह्यात तडजोड कायद्याला मान्य आहे, पण ती वकिलामार्फत. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. मुलांना आणि स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हे ऑफिस जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं.

मुलाशी बोलताना ‘तू असं का केलंस?’ हा प्रश्न पहिल्या दिवशी टाळावा असं माझं मत. तो प्रश्न त्याला पोलीस विचारतील, परिविक्षा अधिकारी विचारतील, मंडळ विचारेल. घरच्यांनी निदान ‘जेवलास का?’ विचारावं. त्याने लिहिलेलं वाईट असेल तर ते वाईटच, लाड करायचे नाहीत. पण तो रात्री झोपतो का, शाळेत जायला नको म्हणतो का, इकडे लक्ष हवं. एकदम गप्प झाला तर डॉक्टरांकडे न्या. १०९८ ही मुलांची हेल्पलाइनही आहे. मित्रांनी ग्रुपवर त्याची बाजू लढवू नये, भांडण वाढतं. त्याचं नाव, फोटो, शाळा कुठेही टाकू नये, ते कायद्यानेच मना आहे.

आमच्या विंगमधल्या एकीच्या भावाची अशीच केस होती. ती प्रत्येक तारखेला सबमिशन पुढे ढकलून गावी जायची. रेक्टर मॅडमनी कारण न विचारता गेटपासवर सही केली, आणि एकदा मेसच्या मावशींनी दोन डबे भरून दिले. भाऊ काय म्हणाला विचारलं तर म्हणाली, काही नाही, बाहेरच्या बाकावर नंबर येईपर्यंत आम्ही त्याचं बीजगणित सोडवत बसतो. पुढची तारीख त्याच्या प्रिलिमच्या आठवड्यात येत होती. ती बदलून मिळावी म्हणून वकिलांनी परीक्षेचं वेळापत्रक जोडून अर्ज दिला आणि तारीख पुढे गेली.