मत्स्यपेटीची गाळणी बदलताना
गाळणी केवळ गाळ अडविते, हा समज अपुरा आहे. माशांची विष्ठा व उरलेले खाद्य यांपासून विषारी अमोनिया तयार होतो. गाळणीच्या स्पंजावरील जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. जुनी गाळणी फेकली की हे जिवाणूही जातात; पाणी नितळ दिसते आणि शाळेतील मासे मात्र दगावतात. म्हणून नवी गाळणी जुन्या गाळणीसोबत ४ ते ६ आठवडे चालवावी. ते शक्य नसल्यास जुना स्पंज ओला असतानाच नवीत घालावा. तो नळाखाली धुण्याचा मोह अनेकांना होतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जिवाणूंना मारक असते. पेटीतील पाणी बादलीत घेऊन त्यातच तो हलकेच पिळावा. या दिवसांत खाद्य निम्मे करावे.