पगार ३६ महिन्यांचा, प्रबंध मात्र...

युरोपात इतिहास, वाङ्मय किंवा वारसा-अभ्यासात पीएच.डी. करायची आणि तीही पगार घेऊन, असे सांगितले तर पुण्या-मुंबईच्या एम.ए.च्या वर्गात आजही कुणाला पटकन खरे वाटत नाही. पण अशा जागा निघतात. युरोपीय संघाच्या मारी क्युरी योजनेतल्या 'डॉक्टरल नेटवर्क'मध्ये वेगवेगळ्या देशांतली विद्यापीठे, संग्रहालये, ग्रंथालये एकत्र येतात आणि संशोधकांची एक तुकडीच नेमतात. राष्ट्रीयत्वाची अट नसते. कोलोन विद्यापीठाने २०१३ ते २०१७ या काळात चालवलेले 'डिक्सिट' हे नेटवर्क जुन्या संहितांच्या डिजिटल संपादनासाठी होते. स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठाच्या पुढाकाराने चाललेल्या 'सीएच-युरोप'ने वारसा-अभ्यासात १५ संशोधक घेतले होते.

प्रस्तुत लेखिकेने अशाच एका नेटवर्कमधून पीएच.डी. केली. परदेशांतले संग्रह, दोन मार्गदर्शक, एकाच वेळी प्रबंध लिहिणारे सोबती हे सारे तिला एकटीला मिळाले नसते. पण करार संपला तेव्हा शेवटची प्रकरणे लिहायची होती. पगार थांबला, आणि त्या पगारावर उभा असलेला निवास परवानाही डळमळला. पुढचे महिने तिने अनुवादाची कामे घेत काढले. तुकडीतल्या इतर काही जणांचीही तीच गत झाली.

यात अपघात काही नव्हता. या योजनेतून एका संशोधकाला साधारणपणे ३६ महिन्यांचाच पैसा मिळतो. त्यातला एक तृतीयांशापर्यंतचा काळ 'सेकंडमेंट'मध्ये, म्हणजे दुसऱ्या संस्थेत काम करण्यात, जाऊ शकतो. शिवाय कार्यशाळा, अहवाल, सामाईक प्रकाशने असतातच. मानव्यविद्येतला प्रबंध मात्र कागदपत्रे वाचून, भाषा शिकून, पुनःपुन्हा लिहूनच उभा राहतो. म्हणून मुलाखतीतच विचारावे: ३७व्या महिन्यापासून पैसे कोण देणार? याआधीच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्षात किती काळ लागला?

पगाराचा आकडाही नीट वाचावा. २०२३-२४च्या कार्यक्रमात निर्वाहभत्ता दरमहा ३,४०० युरो होता. त्याला देशानुसार ठरलेल्या गुणकाने गुणले जाते आणि त्यातूनच कर्मचाऱ्याचे कर व विमा तर जातातच, मालकाच्या वाट्याची सामाजिक सुरक्षेची रक्कमही जाते. हातात किती पडेल, हे संस्थेच्या मनुष्यबळ विभागाकडूनच कळते.

आधीच युरोपात शिकणाऱ्यांना आणखी एक नियम नडतो. नेमणुकीआधीच्या ३६ महिन्यांत उमेदवार ज्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिला असेल, त्या देशातली जागा त्याला मिळत नाही. बर्लिनमध्ये नुकतेच दोन वर्षांचे एम.ए. केलेल्याने जर्मनीतल्या जागेसाठी अर्ज करण्यात म्हणूनच अर्थ नाही. त्याच नेटवर्कमधली इटलीतली जागा मात्र त्याला खुली असू शकते.

सेकंडमेंटचे वेळापत्रक कागदावर सुटसुटीत दिसते. पण एका शेंगेन देशाच्या परवान्यावर दुसऱ्या शेंगेन देशात साधारणपणे १८० पैकी ९० दिवसच राहता येते. त्याहून जास्त राहायचे तर संशोधकांसाठीच्या वेगळ्या तरतुदी पाहाव्या लागतात, आणि ब्रिटनचा व्हिसा तर पूर्णपणे निराळा. परवानगीची धावपळ संस्था करणार की संशोधक, हे आधी ठरलेले बरे.

विषय बहुधा जाहिरातीतच ठरलेला असतो. ज्याची साधने पुण्याच्या पेशवे दफ्तरात किंवा पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत, त्याने विषयाला किती वळण देता येईल आणि युरोपाबाहेरच्या प्रवासाला पैसे मिळतील का, याचा खुलासा करून घ्यावा.

जागा 'युरॅक्सेस' या अधिकृत संकेतस्थळावर जाहीर होतात. मुलाखतीत मिळालेली आश्वासने अर्जदाराने ईमेलवर लेखी घ्यावीत, आणि चौथ्या वर्षाच्या पैशांबाबत लेखी उत्तर हाती आल्याशिवाय करारावर सही करू नये.