मिरर म्हणजे बॅकअप का?

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या कॉलेजचं नेट सारखं जातं. लॅबमध्ये गिटहबवरच्या कोडचा मिरर ठेवला, तर वेगळा बॅकअप लागणार नाही ना?
– एक प्राध्यापिका, मालवण

उत्तर : मॅडम, मिरर जरूर उभारा; २०२१च्या तौक्ते वादळात सिंधुदुर्गात नेटचं काय झालं, हे तुम्हाला सांगायला नको. पण तो बॅकअप नव्हे. मूळ ठिकाणी कुणी इतिहास बदलून टाकला, तर पुढच्या अपडेटला तुमची प्रतही तशीच होते. महागडा सर्व्हर नको. लिनक्स टाकलेला जुना पीसी, यूपीएस, ‘मिरर’ पर्यायाने केलेला गिट क्लोन आणि रोज रात्री क्रॉनने अपडेट, एवढं पुरे. मुलांना त्यातून फक्त वाचू द्या. गिटहबवरचे इश्यू मात्र त्यात येत नाहीत. बॅकअपसाठी दर आठवड्याला वेगळ्या डिस्कवर प्रत काढा, आणि ती डिस्क लॅबबाहेर ठेवा.