अफवा : थोडा अभ्यास, थोडी कबुली

अफवा पसरविणारा माणूस नेहमी दुसराच कोणीतरी असतो. वणीच्या बाजारात कोणालाही विचारा, "कोरोनाच्या वेळी अफवा फार होत्या" असे तो सांगेल. "मी पसरविली" असे सांगणारा मला अजून भेटलेला नाही. म्हणून सुरुवात स्वतःपासूनच करते.

२०२० च्या फेब्रुवारीत मी नववीत होते. महाराष्ट्रात तोवर एकही रुग्ण नव्हता. पहिले रुग्ण ९ मार्चला पुण्यात सापडले. व्हॉट्सॲपवर मात्र रोग आधीच येऊन पोहोचला होता. नानांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, चिकनचे छोटे दुकान आहे. नाना शाळेत गेलेले नाहीत, आईला सहीपुरते येते. त्यामुळे भावाच्या फोनवर जे काही येई, ते मोठ्याने वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडे होते. एके रात्री मान टाकून पडलेल्या कोंबड्यांचा फोटो आला. खाली मजकूर होता : ब्रॉयलर कोंबडीत कोरोना सापडला आहे, खाऊ नका, सर्वांना पाठवा. नानांनी फोटो निरखून पाहिला आणि म्हणाले, "ही तर मानमोडी दिसते." मानमोडी म्हणजे राणीखेत, कोंबड्यांचा जुना रोग. मी म्हणाले, "नाना, इथे लिहिलंय ना!" नाना गप्प बसले. मी तो मेसेज मामाच्या गावच्या ग्रुपवर पाठवून दिला.

ऑलपोर्ट आणि पोस्टमन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९४७ साली अफवेविषयी एक सूत्र मांडले. विषयाचे महत्त्व आणि माहितीची संदिग्धता यांच्या गुणाकारावर अफवेचा जोर अवलंबून असतो. दोहोंपैकी एक शून्य असेल तर अफवा चालत नाही. सूत्र मला पटते. पण नेमकी कोंबडीच का, याचे उत्तर त्यात सापडत नाही.

ते आपल्या आठवणीत सापडते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू आढळला आणि लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. त्या वेळी विषाणू खरोखरच कोंबड्यांत होता. शिवाय कोंबड्यांच्या श्वासनलिकेला होणाऱ्या एका जुन्या आजाराचा विषाणूही कोरोनाच्याच कुळातला आहे. माणसाला तो बाधत नाही. आमच्या भागात जंगली खुंटावर द्राक्षाचे कलम भरतात, तशी ही अफवा खऱ्या गोष्टीच्या खुंटावर भरलेली होती, म्हणून ती जगली. नव्या विषाणूची कोंबड्यांना लागण होत नाही, हे पुढे प्रयोगांतून दिसून आले. पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

धुळवडीला आमच्या दुकानापुढे रांग लागते. त्या वर्षी धुळवड १० मार्चला होती. नानांनी पाटीवरचा भाव सकाळपासून तीनदा पुसला, दर वेळी कमी केला. संध्याकाळपर्यंत दोन गिऱ्हाइके आली, त्यातले एक उधारीचे. समोरच्या मटणाच्या दुकानात उभे राहायला जागा नव्हती. त्याच महिन्यात बेळगाव जिल्ह्यात एका पोल्ट्रीवाल्याने हजारो जिवंत पिल्ले खड्ड्यात लोटून पुरल्याची बातमी आली. ती मात्र मी नानांना वाचून दाखविली नाही.

आशेच्या अफवाही होत्या, त्यांचे आपल्याला फारसे काही वाटत नाही. २२ मार्चच्या जनता कर्फ्यूत विषाणू बारा तासांत मरून जाणार होता. रात्री हेलिकॉप्टरमधून औषध फवारणार म्हणून आमच्या गल्लीत दोरीवरचे कपडे आत घेतले गेले. आमचेही.

मुंबईत १८९६ साली प्लेग आला, तेव्हा रुग्णालयात माणसे मारून त्यांच्या देहातून मोमियाई काढतात असा बोभाटा झाला होता. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण सरकारी माणसे घरात शिरून रोग्याला उचलून नेत आणि नेलेला माणूस बहुधा परत येत नसे. कोणी काही समजावून सांगत नव्हते, तेव्हा लोकांनी आपापल्या परीने अर्थ लावला. (पुढच्याच वर्षी झालेला साथरोगाचा कायदा महाराष्ट्राने १३ मार्च २०२० ला पुन्हा बाहेर काढला, ही जाता जाता सांगण्याची गोष्ट.)

त्या कामगारांचा सरकारवर विश्वास नव्हता. माझ्या बाबतीत उलटे घडले. मामाच्या गावी तो मेसेज खरा मानला गेला, कारण तो शाळेत जाणाऱ्या भाचीने पाठविला होता, आणि भाचीचा बाप स्वतः कोंबडी विकत होता. "त्यांच्याच घरून आलंय म्हणजे खरंच असणार," असे मामी म्हणाल्याचे मला गेल्या वर्षी कळले. आणि ज्यांना कोंबडी खरोखर कळत होती, त्या नानांना मी एका वाक्यात गप्प केले होते. वाचता येणे आमच्या घरात नवे होते; छापलेले चूक असू शकते हे कोणी शिकविलेच नव्हते.

अंक हाती आला की हा लेखही नानांना मीच वाचून दाखविणार आहे. मामाच्या ग्रुपचे त्यांना अजून ठाऊक नाही.