पसंतीक्रम भरताना रँकची भीती नको

प्रश्न : मी एम.डी. मेडिसिनच्या शेवटच्या वर्षाला आहे, न्यूरॉलॉजीत डी.एम. करायचं आहे. सीनियर म्हणतात, मुंबईचं केईएम पहिलं टाकलं आणि रँक कमी पडला, तर खालची कॉलेजंही हातची जातात. घरी आईवडील दोघंच, त्यामुळे पुणं बरं वाटतं. यादी कशी भरू?
– एक डॉक्टर, लोणावळा

उत्तर : निर्धास्त राहा, तसं होत नाही. नीट-एसएसच्या समुपदेशनात जागावाटप रँकनुसार होतं. तुमची पाळी आली की तुमची यादी वरून खाली तपासली जाते. केईएम भरलेलं असेल तर पुढचा पर्याय पाहतात. म्हणून अंदाज न बांधता खऱ्या आवडीचा क्रम लावा. डी.एम.शी समकक्ष डीआरएनबीच्या जागाही त्यातच असतात. पुण्यासाठी त्या जरूर पाहा. एम्स, निमहान्ससाठी मात्र आयएनआय-एसएस ही वेगळी परीक्षा आहे.

क्रम ठरवण्याआधी तिथल्या रेसिडेंटना विचारा : पक्षाघाताचा रुग्ण साडेचार तासांच्या आत आला, तर रात्री दोन वाजता गुठळी विरघळवणारं इंजेक्शन कोण देतं? ईईजी, ईएमजी स्वतः करायला मिळतं का? घराचं म्हणाल, तर लोणावळ्याहून मुंबईही रेल्वेने फार दूर नाही आणि ड्यूटी असताना पुण्याहूनही रोज घरी येणं जमणार नाही.

सावधगिरी दोनच : जिथे रुजू व्हायचं नाही ते कॉलेज यादीत घालू नका, फेरीनुसार अनामत जप्त होऊ शकते, आणि बाँडच्या अटी आधी वाचा.