व्हिसा वेगळा, राहण्याचा परवाना वेगळा
परदेशी संशोधनासाठी निघालेल्या मुलामुलींच्या पालकांसाठी



आळेफाट्याच्या चौकात दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. एक पुण्याहून नाशिकला जातो, दुसरा कल्याणहून माळशेज घाट चढून अहिल्यानगरकडे. कांद्याच्या गाड्या, गाईंचा बाजार, गॅरेज, टायरची दुकाने आणि खानावळी यांवर इथला धंदा चालतो. परदेश म्हटले की आपल्या समाजातील व्यापाऱ्याला आणि कारागिराला आखाती देश आठवतात. वेल्डर, मिस्त्री, ड्रायव्हर तिकडे गेले, घरी पैसे आले, घरे उभी राहिली. पण आता त्याच घरांतील मुले-मुली एम.एस्सी. आणि पीएच.डी. करू लागली आहेत. त्यांच्या परदेशी जाण्याचे कागद वेगळे असतात. ते कागद घरातील मोठ्या माणसांनीही समजून घ्यावेत, यासाठी हा लेख.

आळेफाट्याला हा विषय दूरचा नाही. जवळच, नारायणगावच्या पुढे खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या मिळून ही एक दुर्बीण होते. १४ तबकड्या मध्यभागी जवळजवळ आहेत आणि उरलेल्या १६ तीन दिशांना सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे पुण्यातील केंद्र ती चालवते. जगभरचे शास्त्रज्ञ तिच्यावर निरीक्षणासाठी वेळ मागतात आणि इथे शिकलेले तरुण जर्मनी, हॉलंड, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात जातात. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभारल्या जात असलेल्या स्केअर किलोमीटर अ‍ॅरे या आंतरराष्ट्रीय दुर्बिणीच्या संस्थेचा भारत २०२४ मध्ये सदस्य झाला. म्हणजे ही ये-जा पुढे वाढणारच आहे.

दोन कागद, दोन कामे

समजा, फाट्यावरील एका गॅरेजवाल्याची मुलगी भौतिकशास्त्रात पीएच.डी. झाली आणि जर्मनीत बॉन शहरातील एका संस्थेत तिला दोन वर्षांची जागा मिळाली. घरी येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, "व्हिसा लागला का?" प्रश्न चुकीचा नाही, पण अर्धाच आहे.

व्हिसा म्हणजे त्या देशात प्रवेश करण्याची परवानगी. ती दूतावास देतो आणि बहुधा थोड्या महिन्यांची असते. तिथे राहून काम करण्याचा हक्क मात्र निवास परवान्याने मिळतो आणि तो त्या देशात पोहोचल्यावर तिथले सरकार देते. ज्यांचे भाऊ जेद्दा किंवा दम्मामला राहून आले, त्यांना हे नवे नाही. विमानतळावर शिक्का पडला म्हणून काम झाले नाही. वैद्यकीय तपासणी झाली, बोटांचे ठसे दिले, इकामा हाती आला, तेव्हा माणूस कायदेशीर झाला. जर्मनीतही तसेच आहे. आधी घराच्या पत्त्याची नोंद दोन आठवड्यांत करायची, मग परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून निवास परवान्याचे कार्ड घ्यायचे. व्हिसाची मुदत संपण्याआधी हा अर्ज झाला नाही, तर पीएच.डी. असो वा नसो, माणूस अडचणीत येतो.

आपल्या देशातही हाच कायदा उलट बाजूने लागू आहे. परदेशी संशोधक १८० दिवसांपेक्षा अधिक मुदतीच्या व्हिसावर आला, तर त्याला १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करावी लागते. फाट्यावर किंवा नारायणगावला लॉज चालवणाऱ्या, खोली भाड्याने देणाऱ्या बांधवांनीही ध्यानात ठेवावे की परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवणे बंधनकारक आहे. जुन्या कायद्यात याला फॉर्म सी म्हणत. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि विदेशी नागरिक कायदा अमलात आला, तरी ही जबाबदारी कायम आहे. पाहुणा शास्त्रज्ञ आहे म्हणून यात सूट नाही.

परवाना कोणाशी बांधलेला आहे?

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा आहे. आखातात आपल्या लोकांना सर्वाधिक त्रास कामाचा झाला नाही, तो कफीलचा झाला. इकामा मालकाशी बांधलेला असल्याने मालक बिघडला की माणूस अडकला. सौदी अरेबियाने मार्च २०२१ पासून काही अटींवर मालक बदलण्याची मुभा दिली, कतारने २०२० मध्ये जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली. पण तोवर कित्येकांनी वर्षे सोसली. संशोधकाचा पगार मोठा असेल, पण त्यालाही हाच प्रश्न विचारावा लागतो: नोकरी गेली तर परवाना राहतो का?

याचे उत्तर देशागणिक वेगळे आहे.

जर्मनी, हॉलंड, फ्रान्स आदी देशांत युरोपीय संघाचा २०१६ चा संशोधकांविषयीचा निर्देश लागू आहे. डेन्मार्क आणि आयर्लंड त्यात नाहीत. या पद्धतीत संस्था आणि संशोधक यांच्यात यजमान करार होतो. कामाचा विषय, सुरुवातीची व शेवटची तारीख आणि संस्थेची जबाबदारी त्यात लिहिलेली असते. परवाना या करारावर उभा असतो. संस्था बदलायची तर नवा करार करून सरकारी कार्यालयाला कळवावे लागते. मात्र संशोधन पूर्ण झाल्यावर नोकरी शोधण्यासाठी किंवा व्यवसाय सुरू करण्यासाठी किमान ९ महिने राहण्याची सोय निर्देशात आहे. पती किंवा पत्नीला काम करण्याची मुभाही आहे. जावई बरोबर जाणार असतील तर ही गोष्ट लहान नाही.

ब्रिटनमध्ये दोन वाटा आहेत. कुशल कामगाराचा व्हिसा विशिष्ट मालकाशी बांधलेला असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झालेला ग्लोबल टॅलेंट व्हिसा मात्र रॉयल सोसायटीसारख्या मान्यताप्राप्त संस्थेच्या शिफारशीवर मिळतो आणि तो कोणत्याही एका मालकाशी बांधलेला नसतो. पात्रता असेल तर मुलाने हा दुसरा मार्ग आधी तपासावा.

अमेरिकेत संशोधकांना बहुधा जे-१ व्हिसा मिळतो. यजमान संस्था डीएस-२०१९ नावाचा कागद देते, त्यावर तो अवलंबून असतो. संशोधक म्हणून याची कमाल मुदत ५ वर्षे. त्यात एक कलम असे आहे की काही जणांना काम संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहिल्याशिवाय एच-१बी व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. सरकारी पैशावर गेलेल्यांना ते लागू होऊ शकते. आपल्याला ते लागू आहे की नाही, हे निघण्याआधी विचारून घ्यावे.

आखातातही संशोधकांसाठी दारे उघडली आहेत. सौदीत थुवल येथे किंग अब्दुल्ला विज्ञान विद्यापीठ २००९ मध्ये सुरू झाले. संयुक्त अरब अमिरातीने २०१९ मध्ये सुरू केलेला गोल्डन व्हिसा शास्त्रज्ञांनाही मिळतो आणि त्याला कफील लागत नाही.

पैसा आणि दलाल

व्यापारी माणूस खर्चाचा हिशेब आधी मांडतो, तो इथेही मांडावा. ब्रिटनमध्ये व्हिसा शुल्काखेरीज आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढ व्यक्तीला वर्षाला १,०३५ पौंड आहे आणि सर्व वर्षांचा एकदम, अर्जाबरोबरच भरायचा असतो. तीन वर्षांसाठी पती-पत्नी जाणार असतील तर ६,२१० पौंड झाले. ही रक्कम काही लाख रुपयांत जाते. पुष्कळ संस्था हा खर्च परत देतात, पण मागणाऱ्यालाच. व्याजी कर्जाकडे वळण्याआधी मुलाने संस्थेला पत्र लिहून विचारावे: व्हिसाचा खर्च कोण करणार, तिकीट कोण देणार, पहिला पगार कधी होणार? यात लाज कसली?

दुसरी गोष्ट दलालाची. मजूर आणि कारागीर भरतीसाठी १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली परवानाधारक एजंट असतात आणि त्यांनी ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा अधिक शुल्क घेता येत नाही. संशोधकाच्या बाबतीत तर मध्यस्थाची गरजच नसते. निमंत्रण संस्थेकडून थेट येते, करार संस्था पाठवते, अर्ज उमेदवार स्वतः भरतो. शहरातील अर्ज गोळा करणारे केंद्र फक्त कागद आणि बोटांचे ठसे घेते, निर्णय दूतावास किंवा त्या देशाचे सरकार देते. म्हणून कोणी 'रिसर्च व्हिसा काढून देतो' म्हणून लाखो रुपये मागत असेल, तर त्याच्यापासून दूर राहावे.

पासपोर्टवरील ईसीआर शिक्क्याची चिंता इथे नाही. दहावी पास झालेल्याला ती तपासणी लागत नाही.

कागदावरील नाव

जुन्नरचे कागदी आणि त्यांचा हातकागद एके काळी दूरवर प्रसिद्ध होता. तेव्हा कागदाचे मोल या भागातील लोकांना सांगायला नको. तरीही अर्ज अडतात ते बहुधा कागदावरील नावापाशी. शाळेच्या दाखल्यावर 'शेख' एका स्पेलिंगने, आधार कार्डावर दुसऱ्या, पदवीवर तिसऱ्या. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचे नाव गायब. कुणाच्या पासपोर्टवर तर एकच शब्द असतो. अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसाच्या प्रवाशांना प्रवेश नाकारण्याचा नियम केला, तेव्हा अनेकांना जाग आली. मुलगा दहावीला असतानाच दाखला, आधार आणि पासपोर्ट यांवरील नाव अक्षरन् अक्षर एक करून घ्यावे.

निकाहनामा आपल्या दृष्टीने पुरेसा असतो, पण परदेशी कार्यालये सहसा सरकारी विवाह नोंदणी प्रमाणपत्र मागतात. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली ही नोंदणी होते. निकाह झाल्यावर लगेच ती करून घ्यावी. तिकीट काढल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही.

पदवी आणि विवाहाच्या कागदांवर अपोस्टील लागते. आधी राज्य शासनाचे प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. भारतात हा करार जुलै २००५ पासून लागू आहे आणि सौदीत डिसेंबर २०२२ पासून. पण जर्मनीने भारताच्या सहभागाला हरकत नोंदवली होती, म्हणून तिथल्या कागदांची तपासणी वेगळ्या पद्धतीने होते. एका देशाचा अनुभव दुसऱ्या देशाला लावू नये. त्या दूतावासाची यादी ओळ न् ओळ वाचावी.

आणखी एक. अमेरिकेच्या व्हिसात मुलाखत झाल्यावरही 'प्रशासकीय तपास' म्हणून अर्ज काही आठवडे, कधी महिनोन्महिने थांबू शकतो. पासपोर्टवर व्हिसा येईपर्यंत चालू नोकरीचा राजीनामा देऊ नये, परत न होणारे तिकीट काढू नये, दुकानाचा गाळा मोडू नये. संस्थेला विलंब कळवून रुजू होण्याची तारीख पुढे ढकलून घ्यावी.

नियम बदलतात

खोडदच्या दुर्बिणीचे शिल्पकार प्रा. गोविंद स्वरूप १९५३ मध्ये ऑस्ट्रेलियात शिकायला गेले, नंतर अमेरिकेत गेले. स्टॅनफर्डहून पीएच.डी. घेऊन १९६३ मध्ये ते डॉ. होमी भाभांच्या टाटा संस्थेत परत आले. त्या काळी अमेरिकेत कायम राहण्यासाठी भारताचा वार्षिक कोटा १०० माणसांचा होता. १९४६ च्या कायद्याने तो ठरला आणि १९६५ च्या कायद्याने ती पद्धत गेली. आजही तेच चालू आहे. जे-१ च्या दोन वर्षांच्या अटीसाठी अमेरिकेने कौशल्यांची जी यादी केली आहे, तिच्यातून डिसेंबर २०२४ मध्ये भारताचे नाव वगळले गेले, ही दिलासा देणारी गोष्ट झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर आकारण्याची घोषणा झाली, ही धडकी भरवणारी. शेजारच्या मुलाला तीन वर्षांपूर्वी काय लागले होते, यावर आज भरवसा ठेवता येत नाही.

घरातील मोठ्यांनी विचारायचे प्रश्न

कुरआन शरीफमधील सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. कांद्याची पट्टी बिनलेखी न स्वीकारणाऱ्या बापाने मुलीच्या दोन वर्षांचा करार न वाचता कसा चालेल? इंग्रजी येत नसेल तर तिच्याकडून वाचून घ्यावा आणि चार प्रश्न विचारावेत:

१. व्हिसाची मुदत किती, आणि निवास परवान्याचा अर्ज तिथे गेल्यावर किती दिवसांत करायचा?
२. परवाना कोणाशी बांधलेला आहे? नोकरी सुटली तर किती दिवस राहता येईल?
३. जोडीदाराला बरोबर जाता येईल का, आणि काम करता येईल का?
४. खर्च कोणाचा, आणि तो लेखी दिला आहे का?

चारही उत्तरे कागदावर मिळाली तर निर्धास्त निरोप द्यावा. एखादे मिळाले नाही तर संस्थेला पत्र लिहायला सांगावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. आपल्या आधीच्या पिढीने कफीलच्या दारात उभे राहून जो धडा घेतला, तो पुढच्या पिढीला पुन्हा घ्यावा लागू नये. अल्लाह तआला आपल्या मुलामुलींना इल्मची बरकत आणि सुखरूप परतीची वाट देवो. आमीन.